बोटीवर चालेल असा कॅमेरा

ब्लिसवर्थ, ६ जुलै

केरी,

अक्षर बघून ओळखलंच असशील. एवढं मोठं का काढलंय ते विचारू नकोस, दुकानात जाड टोकाचंच पेन होतं.

दोन वर्षं तू बोलली नाहीस, मीही बोलले नाही. फिटंफाट झाली. तुझ्या आजोबाच्या मयतीला तू म्हणालीस की या ओल्या डबड्यानेच, माझ्या बोटीनेच, त्याची छाती खाल्ली. मी म्हणाले, मग उतर खाली. तू उतरलीस. ते तिथेच राहू दे, मला आता कामाचं बोलायचंय.

मला कॅमेरा हवाय. लीड्सला वापरलेल्या कॅमेऱ्यांच्या दुकानात तू काम करतेस म्हणे, तुझी आईच बोलली. घरातली पोर कॅमेरे विकत असताना मी बाहेरच्यापुढे कशाला तोंड वेंगाडू?

काय हवं ते सांगते. एका हाताने धरता आला पाहिजे, कारण दुसरा सुकाणूवर असतो. लांबचं जवळ दिसलं पाहिजे. मागचा पडदा मोठा हवा, उन्हातही दिसणारा. पावसाने मरणारा नको. फार बटणं नकोत. आणि बोटीवरच्या विजेवर चालला पाहिजे, म्हणजे छतावरची सौर पाटी जेवढी देईल तेवढ्यावर. ढगाळ आठवड्यात दिवा लावायचा की रेडिओ ऐकायचा हे मला ठरवावं लागतं, त्यात तुझ्या कॅमेऱ्याला मी किती खाऊ घालणार?

कशाला हवाय म्हणशील, तर बगळे काढायला. इथे फार आहेत.

तुझ्या बापाने तुला माझं सांगितलंच असेल, पण त्याच्या बाजूने. आता माझ्या बाजूने ऐक. जूनमध्ये कालव्यात लाल प्लास्टिकच्या होडीतल्या दोन पोरी माझ्या बोटीसमोर आल्या आणि उलटल्या. भिजल्या, एवढंच. त्यांच्या आयांनी मात्र बोंब मारली. तेव्हापासून तुझ्या बापाने, क्लिफने, धोशा लावलाय की बोट विकू, डॅव्हेंट्रीला म्हाताऱ्यांची बैठी घरं आहेत त्यातलं एक घेऊ. रग्बी गावचा कुणी माणूस गिऱ्हाईक म्हणून तयारच बसलाय. त्याला माझ्या केबिनीत कॉफी आणि केक विकायचाय. मी म्हटलं, "माझा जन्म बोटीवरचा, मी डॅव्हेंट्रीला काय करू? खिडकीतून मोटारी मोजू?" तर तुझा बाप म्हणतो, "ठीक आहे आई, ऑक्टोबरमध्ये ब्रॉन्स्टनची लॉकं उतरून दाखव. सुकाणू तू धर, मी काठाने चालेन. वरून खालपर्यंत बोट कुठेही आपटली नाही, तर मी पुन्हा विक्रीचं नाव काढणार नाही. आपटली, तर विकायची."

मी हो म्हटलं. सहाच तर लॉकं आहेत, दारं लावायची, पाणी सोडायचं आणि पाण्यासोबत पायरी पायरी खाली उतरायचं.

कॅमेरा लवकर बघ.

आजी


वीडन, २५ जुलै

केरी,

तुझं पत्र मिळालं. सुरुवातीला "प्रिय आजी" लिहिलंस, बरं वाटलं असं मी म्हणणार नाही, पण वाचलं.

शेजारच्या बोटीवर डेनिस आहे, जन्मभर बस चालवली आणि आता पाण्यावर आलाय, त्याने मोठ्याने वाचून दाखवलं. माझा चष्मा सापडत नव्हता. तू सुचवलेल्यांपैकी पहिला तर बाई तोफच आहे. एवढी जाड नळी, वर वेगळी तिपाई. केरी, तू याच केबिनीत रांगलीस ना? दहा फूट लांब, सात फूटही रुंद नाही, त्यात चूल, पलंग, कपाट आणि मी. ती नळी निजवू कुठे, तुझ्या आजोबाच्या जागेवर? आणि बोटीवर तिपाई कसली मांडतेस? जमिनीवर तिपाई स्थिर राहते कारण जमीन स्थिर असते. इथे इंजिन ठाक-ठाक करत असतं तेव्हा कपातला चहासुद्धा थरथरतो. तिपाईपेक्षा माझा हात बरा, त्याला इंजिनाची सवय आहे.

दुसरा तो पाण्यात बुडवला तरी चालणारा, चपटा, पिवळा. त्यातून लांबचं दिसत नाही असं तूच लिहितेस. मग पाण्याखाली मी काय बघू? गाळ?

तिसरा ठीक वाटतोय. त्याची नळी त्याच्या पोटातून बाहेर येते आणि काम झालं की आत जाते. वजनाला साखरेच्या मोठ्या पुड्याइतका, मागचा पडदा दारासारखा उघडून हवा तसा वळवता येतो, हात हलला तरी चित्र कमी हलतं, आणि मोटारीतल्या सिगरेट पेटवायच्या भोकातूनही चार्ज होतो. ते भोक बोटीवर आहे. डेनिस म्हणाला, "थर्झाबाई, हाच घ्या. पण कोळशापासून जपा. ती नळी आत-बाहेर करताना धूळ ओढून घेते." चूल माझी, कोळसा माझा, आणि धुळीची काळजी याला.

पण तू खाली लिहिलंस, "आजी, बगळे तर तुझ्यापासून दहा फुटांवर बसतात. तुला एवढं लांबचं कशाला बघायचंय?"

डेनिसने तेही वाचलं. मी त्याला चहा करायला पाठवलं.

आता ऐक, आणि ऐकून पोटात ठेव. मी जिथे बघते नेमकं तिथेच दिसत नाही. मधोमध डाग आहे, ओल्या बोटाने काचेवर पुसल्यासारखा. कडेचं सगळं दिसतं. तुझ्या तोंडाकडे बघितलं तर मला तुझे कान दिसतील. मार्चमध्ये नॉर्दॅम्प्टनला डोळ्यांच्या डॉक्टरणीकडे गेले होते. चांगली होती पोरगी, खोटं बोलली नाही. म्हणाली, यावर औषध नाही, मात्र पूर्ण अंधार होणार नाही. मोठं करून बघा, तिने असंच सांगितलं. तिच्याकडे टेबलावर पुस्तक मोठं करून दाखवणारं यंत्र होतं. त्यावर मी माझ्याच नखातली घाण बघितली. तेव्हाच डोक्यात आलं की पुस्तक मोठं होतं तर सत्तर फुटांवरचं बोटीचं नाक का होणार नाही?

त्या दोन पोरी मला दिसल्या नाहीत. डागात होत्या. ओरडल्या तेव्हा कळलं.

बापाला सांगायचं असेल तर सांग, पण मग परीक्षाबिरीक्षा काही होणार नाही, रविवारीच मोटार घेऊन येईल. मला ऑक्टोबरपर्यंतचा वेळ हवाय. पैसे मी पाठवते, घरचं माणूस म्हणून काही कमी करू नकोस, मालक तुझ्यावर डोळा ठेवून असेल.

तिसराच पाठव.

आजी


वीडन, ११ ऑगस्ट

केरी,

खोकं आलं. बापाला सांगितलं नाहीस हे त्याच्या फोनवरून कळलं. तो हवेबद्दलच बोलत होता.

तू लिहिलंस की तुला हे पटत नाही, दिवसातून दहा वेळा फोन उचलतेस आणि ठेवतेस. ठेवत राहा. मी एकटी जात नाही. बोट हलवते ती पहाटे, कालव्यावर कुणी नसताना, आणि डेनिसची बोट पुढे असते. तिचा मागचा दिवा मला डोळ्याच्या कडेने दिसतो. त्याला कारण सांगितलेलं नाही. तो विचारत नाही. बसवाल्यांना गप्प बसायची सवय असावी.

कॅमेऱ्याचं सांगते. पहिल्या दिवशी गार सकाळी बाहेर नेला आणि तसाच चुलीपाशी आणला, तर काचेवर असा घाम आला की वाटलं गेला. डेनिस म्हणाला, बाहेरच पिशवीत घालून तोंड बांधायचं, मग आत आणायचं, घाम पिशवीला येतो. आता बिस्किटाच्या डब्यात ठेवते, तू पाठवलेल्या त्या ओल शोषणाऱ्या दाण्यांच्या पुड्यांसोबत. पुडे ओले झाले की तव्यावर परतते. डबा चुलीपासून लांब, पण भिंतीलाही चिकटून नाही, भिंत घामेजते. या बोटीवर कोरडी जागा एकच, पलंगाच्या डोक्याकडची. तिथे तुझ्या आजोबाची टोपी होती, ती हलवली.

पट्टा मात्र बदलला. तुझा पट्टा मऊ आहे, पण पडला तर कॅमेऱ्यासकट तळाशी जाईल. मी त्याला बोटीच्या किल्ल्यांचा बुचाचा गोळा बांधला. डेनिस हसला. म्हणाला, "एवढ्याशा बुचावर हा तरंगेल?" मी टाकून बघू का म्हटलं, तर त्याचं हसू थांबलं. एका गोळ्याने भागणार नाही, तीन बांधलेत. गळ्यात घातला की गाईसारखी दिसते मी.

आणि दिसतं, केरी. पडदा वळवून तोंडापाशी घ्यायचा, मान जराशी तिरकी करायची, म्हणजे डाग बाजूला पडतो आणि चित्र कडेने बघता येतं. बोटीच्या नाकावरची दोरी दिसली. तिचा एक पीळ सुटलाय. मागच्या वर्षीपासून सुटलेला असणार. मग केबिनीत बघितलं आणि नको तेही दिसलं. पितळेच्या मुठी मी रोज घासते, तर मधे घासलेल्या आणि कडा हिरव्या. जाळीच्या पडद्यावर माशांची घाण. तुझी आई मागच्या महिन्यात येऊन बसून गेली, शब्द बोलली नाही. घरी जाऊन बोलली असणार. दोन दिवस बोट धूत होते.

काल पुलावरून बघितलं तर मजा झाली. नळी पूर्ण बाहेर काढली की पुढचे दोन्ही पूल एकमेकांना चिकटलेले दिसतात, जणू एकावर एक रचलेत. त्यांच्यामधे चांगलं शेत आहे, मेंढ्यांचं. कॅमेऱ्यात शेतच नाही. मेंढ्या पुलावर चढल्यासारख्या. मी हसले.

पैसे मिळाले का लिही.

आजी


वेल्टन, १८ सप्टेंबर

केरी,

क्लिफ येऊन गेला. दिवस ठरला, ऑक्टोबरचा दुसरा शनिवार. सोबत त्या रग्बीवाल्याला घेऊन आला होता. दाढी नीट कातरलेली, बूट स्वच्छ. मी म्हटलं, "बूट काढून आत ये." त्याने काढले. त्याने सगळीकडे बघितलं, कपाटाच्या दारावर रंगवलेला किल्ला आणि गुलाब बघून म्हणाला, "हे तसंच ठेवणार, लोकांना आवडतं." मी म्हटलं, "लोकांसाठी नाही काढलेलं. आम्ही इथे राहत होतो." क्लिफ खोकला.

बाहेर आल्यावर तुझ्या बापाला कॅमेरा दिसला.

"हे काय नवीन?"

"बगळे."

"तुला कधीपासून बगळ्यांचा पुळका? मागे दगड मारून हाकलायचीस."

"तेव्हा ते मासे खायचे. आता मासेच नाहीत."

त्याने माझ्याकडे बघितलं. मी त्याच्या कानाकडे बघितलं, म्हणजे त्याला वाटतं मी तोंडाकडेच बघते. जमतं मला.

मग म्हणाला, "आई, एक लक्षात ठेव. ठोकर नको. तू लॉकमध्ये शिरलीस की बोटीचं नाक पुढच्या दारावर ठक्कन टेकवतेस आणि इंजिन चालू ठेवतेस. मी तीही ठोकरच धरणार. सगळे असं करत नाहीत आता."

"तुझा बाप असंच करायचा. माझी आई असंच करायची."

"त्या मालवाहू बोटी होत्या. कोळशाला लागलं तर कोळसा रडत नाही. या माणसाला बोट धड हवीये."

"म्हणजे तू विकणारच आहेस."

"नाही, मी दिलेला शब्द पाळणार आहे. तूही पाळ. टेकवायची नाही."

पोटचं पोर असून वकिलासारखं बोलतो.

म्हणून मी रोज सराव करते. तुला कळावं म्हणून सांगते. लॉक उतरताना मागे दाराखाली दगडी उंबरा असतो, पाणी भरलेलं असतं तेव्हा दिसत नाही. बोटीची शेपटी त्याच्यावर राहिली आणि पाणी उतरलं, तर शेपटी वर अडकते आणि नाक खाली जातं. म्हणूनच आम्ही नाक पुढच्या दाराला टेकवून ठेवतो. टेकलं की पायाला कळतं, मागे जागा सुटली. बघावं लागत नाही. आता टेकवायचं नाही म्हटल्यावर डोळ्यांनी बघून ठरवणं आलं, दारात आणि नाकात वीतभर ठेवायचं. सत्तर फुटांवरून. बकबीची सात लॉकं चढताना कॅमेरा लावून बघितलं, दोरीवरची गाठसुद्धा दिसते.

तू विचारलंस की परीक्षेला तू येऊ का. नको. तुला बघून मी डोकं फिरवेन, आणि डोकं फिरवलं की सुकाणू फिरतं. नंतर बघू.

बॅटरी मात्र थंडीत लवकर संपते, तू सांगितलंस तशीच. दुसरी पाठव. मी एक चोळीत ठेवते, ऊब लागते. माझ्या चोळीत याहून महागाच्या वस्तू राहिलेल्या नाहीत.

आजी


ब्रॉन्स्टन, ९ ऑक्टोबर

केरी,

बापाने फोन केलाच असेल. तरी माझं ऐक, त्याला अर्धंच माहीत आहे.

लॉकांच्या आधीचा बोगदा ठीक पार पडला. समोरून कुणी आलं नाही. पहिली तीन लॉकं अशी उतरले की डेनिस काठावरून टाळ्या वाजवत होता, क्लिफने त्याला गप्प केलं. मी कॅमेरा डाव्या हातात, सुकाणू कुशीत. नाक दारापासून वीतभर. कुठे ओरखडा नाही. तुझ्या बापाचं तोंड काही मला दिसत नव्हतं, पण चाल दिसते कडेने, आणि ती हलकी झाली होती. चौथ्यावर तर म्हणाला, "आई, तू मला हरवणार बहुतेक."

मी म्हटलं, "झडप उघड, बडबड करू नकोस."

त्याने खालच्या दारातल्या पाणी सोडायच्या झडपा उघडल्या. पाणी उतरायला लागलं. मी नळी पूर्ण बाहेर काढली होती, कारण ऊन समोरून होतं आणि मला खात्री हवी होती. पडद्यावर नाक दाराला टेकलेलं. अगदी टेकलेलं, केस जाणार नाही इतकं. मला वाटलं ठोकर लागते आता, तो धरणार. म्हणून इंजिन मागे टाकलं, जरासं. पुन्हा बघितलं, तरी टेकलेलंच. पुन्हा जरासं मागे.

टेकलेलं नव्हतं, केरी. हातभर जागा होती. ते पूल चिकटले होते तसंच नाक आणि दार चिकटलं. मी वीडनला तेच बघून हसले होते.

आणि उंबऱ्याची पांढरी खूण, जिच्या मागे शेपटी जाता कामा नये ती, माझ्या कोपरापाशी भिंतीवर रंगवलेली होती. कडेला. कडेचं मला दिसतं. पण डोळा त्या पडद्यात होता.

पायाला कळलं. पायाखालची फळी मागून उचलली गेली. आधी केबिनीतल्या बशा घसरल्याचा आवाज, मग किटली. मी ओरडले, "उंबरा! खालच्या पाड! वरच्या उघड!" डेनिस एका झडपेपाशी होता. तो जागच्या जागी "काय? काय?" करत राहिला, बसगाडीला ब्रेक असतो, इथे नसतो. बोट पुढे कलत होती, नाकाकडून पाणी आत यायला हाताएवढं अंतर उरलेलं. मी सुकाणूला लोंबकळून.

आणि तुझा बाप धावला. पन्नाशीचा, गुडघा गेलेला, पोट सुटलेलं. पोरगा असताना बोटीवरच वाढला तो, पण तीस वर्षांत त्याने लॉकच्या हँडलला हात लावला नव्हता. एक झडप पाडली, दाराच्या तुळईवरून पलीकडे गेला, डेनिसला ढकलून दुसरी पाडली, मागे पळत आला आणि वरची उघडली. हळूहळू, एकदम नाही, नाहीतर लोंढा माझ्या अंगावर आला असता. त्याला कुणी सांगितलं नाही हळू उघड म्हणून. पाणी चढलं, शेपटी उंबऱ्यावरून सुटली, बोट सपाट झाली.

क्लिफ तुळईवर बसला. डेनिस म्हणाला, "मी चहा आणतो," आणि गेला, परत आलाच नाही.

"लागलं का कुठे?" क्लिफ.

"किटलीला पोचा आलाय."

"आई, तू टेकवून का नाही ठेवलंस? आजन्म टेकवत आलीस. टेकवलं असतंस तर काही झालं नसतं."

"तू टेकवू नको म्हणालास."

त्याने हँडल तुळईवर ठेवलं. मग म्हणाला, "म्हणजे मी घातलेली अटच चुकीची होती."

"होती. पण मला दिसलंही नाही, तेही खरं आहे." आणि डोळ्यांचं सांगून टाकलं. डॉक्टरणीसकट.

म्हणतो कसा, "मला माहीत होतं. तू वर्षभर माझ्या कानाशी बोलतेस."

मग मला म्हणाला, परीक्षा रद्द, चूक माझी होती, तू हवी तशी टेकवत, ठोकत चालव, मी पुन्हा विक्रीचं बोलणार नाही. असं सरळ म्हणाला. उरलेली दोन लॉकं त्याने उतरवली, आणि दोन्ही वेळा नाक दारावर असं आणलं की माझी कवळी हलली.

म्हणजे बोट माझी राहिली, केरी. मी जिंकले म्हण हवं तर.

आज दुपारी कॅमेरा उघडला. त्या गडबडीत माझा अंगठा बटणावर दाबलेला राहिला असावा. आभाळाचे, भिंतीचे, माझ्या बाहीचे फोटो. एकात क्लिफ. तुळईवरून धावतोय, हँडल हातात, तोंड माझ्याकडे. मी ते मोठं करत गेले, मान तिरकी करून, पडदाभर तोंडच येईपर्यंत. मला माझ्या पोराचं तोंड वर्षभर दिसलेलं नव्हतं. केस गेलेत त्याचे पुढून, मला कुणी सांगितलं नाही. आणि घाबरलाय. तो चार वर्षांचा असताना कालव्यात पडला होता, मी त्याला केसांना धरून वर ओढला, तेव्हासुद्धा असा घाबरला नव्हता.

मी ते बराच वेळ बघितलं. बॅटरी संपली तेव्हा चोळीतली घातली.

ठोकत ठोकत मी उद्याही बोट नेईन. माझ्या पायांना येतं ते. पण पुढे डागात कुणाच्या पोरी असतील ते पायांना कळत नाही. आणि माणूस काठावर असं तोंड करून माझ्या मागे कितीदा धावणार? त्याच्या गुडघ्यात वंगण उरलेलं नाही.

संध्याकाळी त्याला सांगितलं, रग्बीवाल्याला कळव. तो नको नको म्हणाला. मी म्हटलं, "परीक्षा मी दिली, निकालही मीच लावते."

थकले. हात दुखतोय. बाकी नंतर.

आजी


ब्रॉन्स्टन, १६ ऑक्टोबर

केरी,

तू फोनवर रडलीस ते मला आवडलं नाही. फोनवर रडणं ऐकायला वाईट वाटतं, खरखर होते.

डॅव्हेंट्रीचं घर बघून आले. मोरी आहे, जमीन हलत नाही. हलत नाही म्हणून मलाच गरगरलं. शेजारीण बहिरी आहे, बरं आहे, मला ओरडून बोलायची सवय.

पुढच्या रविवारी बोट रग्बीवाल्याकडे, हिलमॉर्टनला पोचवायची आहे. क्लिफ चालवणार. रस्ता सरळ आहे, मधे लॉक नाही, त्यामुळे काही बुडणार नाही. मी चुलीपाशी बसेन. तू विचारलंस की येऊन फोटो काढू का. केबिनीचे काढ. बाहेरून सगळे काढतात, पूल आणि फुलांच्या कुंड्या. आतले माझ्याकडे एकही नाहीत, कारण आत मागे सरकायला जागाच नाही, कॅमेरा लावला की नुसती चूल येते, नाहीतर नुसतं माझं नाक. तू काम करतेस तिथे जवळून सगळं सामावून घेणारी काच असते असं डेनिस म्हणतो. ती आण. दार उघडं ठेवून कोळशाच्या पेटीवर बस, पाठ दाराला लाव, म्हणजे पलंग, चूल, कपाट, मी, सगळं बसेल. दिवा तुझा आणू नकोस, मला चकाचक नकोय. खिडकीचा उजेड पुरतो. चूल पेटलेली असेल. पितळ घासून ठेवते, कडासुद्धा.

आता नीट ऐक. तुझ्या बापाला बोट काठाला लावता येत नाही, कालच बघितलं, बोट आडवी घालून अर्धा कालवा अडवून ठेवतो. म्हणून तो थांबणार नाही. ब्रॉन्स्टन सोडलं की तिसरा पूल, विटांचा. त्याच्या खाली कालवा आवळतो, बोट काठाला घासून जाते. तिथे उभी राहा, दहाच्या सुमारास. आवाज येईल, आपलंच इंजिन, दुसरं कुणाचं असं वाजत नाही. बोटीचं नाक जाऊ दे, मधला भाग जाऊ दे, मागचं टोक समोर आलं की पाय टाक. उडी मारू नकोस, पाय टाक, चालत असल्यासारखा. मी दारात असेन. हात पुढे करेन, पण मला तू नीट दिसणार नाहीस, तेव्हा तूच धर.

कॅमेरा गळ्यात नको, पाठीवर बांध. दोन्ही हात मोकळे ठेव.

आजी